मार्चचा पाऊस, मांगाकिरी दोन-ब

नाही, वही न्यायला मिळायची नाही. वाचायची तर इथे बसून वाच, हवा तितका वेळ वाच, चहा देते, पाव देते, पण ती या दारातून बाहेर जाणार नाही — आणि हात असा पुढे करून ठेवू नकोस, मी काही मेंढी नाही मुकाट्याने लोकर काढून द्यायला. पडताळणी म्हणे! कसली पडताळणी? सत्तावीस वर्षं आम्ही पाऊस मोजला, आता तू तो पडताळणार म्हणजे काय, परत आभाळात पाठवून पुन्हा पाडून बघणार? बस. ती खुर्ची नको, तिचा पाय गेलाय, ती घे. आणि 'मावशी' म्हणून लाडीगोडी लावू नकोस हं. तू उत्तरेकडचा, बोलण्याच्या हेलावरूनच कळलं — तिकडे तुझ्या स्वतःच्या मावश्या असतील, त्यांना म्हण. मला रिपेका म्हण, नाहीतर तुझ्या कचेरीच्या कागदावर लिहिलंय तसं म्हण. काय लिहिलंय? 'हरकतदार क्रमांक एक.' तेच म्हण. मला आवडलं ते.

तर तुझा कागद काय सांगतो, पुन्हा वाच बघू — नको, मीच सांगते, पाठ झालाय. 'मार्च महिना संपूर्ण प्रदेशात कोरडा आणि उबदार गेला, पाऊस सरासरीपेक्षा पुष्कळ कमी, सूर्यप्रकाश भरपूर.' आणि म्हणून तुझी कचेरी म्हणते की बारा मार्चला मांगाकिरीच्या लोकांना जमीनविक्रीच्या सभेला येता आलं नाही हे कारण खोटं, बाराला शहरात ऊन होतं, विमानतळावरच्या पाऊस मोजायच्या भांड्यात थेंब नाही, सगळ्या महिन्याचा गोषवारा छापून आलाय, त्यात अतिवृष्टीचा उल्लेख नाही. बरोबर? आता मला सांग, तो गोषवारा छापला कोणी? हवामान खात्याने. आणि खात्याला इथला पाऊस कळवतं कोण? मी! मीच कळवते, दर महिन्याच्या पहिल्या तारखेला कार्ड भरून टपालात टाकते. आणि टपाल जातं कशाने? बसने. आणि बस जाते कशावरून? रस्त्यावरून — जो रस्ता बारा मार्चला डोंगराखाली गाडला गेला तो एकदम दोन एप्रिलला उघडला! माझं कार्ड शहरात पोचलं तोवर त्यांचा गोषवारा छापूनसुद्धा झाला होता. म्हणजे बघ, ज्या पावसाने आम्हाला कोंडलं त्याच पावसाने स्वतःचा पुरावाही कोंडून ठेवला, आणि तुम्ही लोक म्हणता पुरावा नाही, म्हणजे पाऊसच नाही. खात्याला मी दोष देत नाही. त्यांनी पत्र पाठवलंय, पुढच्या महिन्यात दुरुस्ती छापतो म्हणून. दुरुस्ती छापून येईपर्यंत जमीन घेणाऱ्या ब्रेथवेटच्या मेंढ्या माझ्या परसात चरत असतील, तो भाग वेगळा.

घे ना पाव. बटाट्याच्या आंबवणाचा आहे, तुमच्याकडे करतात तसाच.

हे बघ, मार्च असा होता. पान उघड — चौसष्टचं, हां, हेच. एक तारखेपासून बघ, शून्य, शून्य, शून्य, मग थोडे शिंतोडे, मग पुन्हा शून्य. अकरा तारखेपर्यंत कोरडाच. वायव्येचा वारा, गरम, टेकड्या पिवळ्या पडलेल्या, नदीत घोटाभर पाणी — मी कुठे म्हणते की नव्हता कोरडा? वही मी पढवत नाही. अकरालाच वारा फिरला, पूर्वेकडून यायला लागला, आणि आपल्या खोऱ्याचं तोंड पूर्वेला आहे, समुद्रावरून जे येतं ते सरळ आत घुसतं आणि मागच्या डोंगराला डोकं आपटून खाली बसतं. शहर डोंगराच्या पलीकडे, चव्वेचाळीस मैल. इथे आभाळ फाटलं तरी तिथे लोक धुणं वाळत घालतात. हे तुझ्या साहेबाला कोणीतरी सांग, एका प्रदेशात एकच आभाळ नसतं म्हणून.

आता बारा तारीख. काय दिसतं? सव्वाआठ इंच. बोट ठेव त्यावर. नऊ वाजल्यापासून दुसऱ्या दिवशी नऊ वाजेपर्यंत जे पडतं ते पहिल्या दिवसाच्या नावावर लिहायचं, असा नियम आहे, परातेनेला खात्याच्या माणसाने तसं शिकवलं आणि परातेनेने मला. परातेने म्हणजे माझा नवरा. आठ वर्षं झाली त्याला जाऊन. सव्वाआठ इंच, लेका, आणि त्यातले निम्मे पहिल्या तीन तासांत. नळकांडं मधेच भरेल म्हणून मी दुपारी एकदा जाऊन मोजून ओतून आले, पुन्हा लावलं, तेही लिहिलंय.

सभेचं सांगते. सांगायलाच हवं, कारण तुम्ही कागदावर 'मालकांची सभा' असं लिहिता आणि वाचणाऱ्याला वाटतं खरंच मालकांची सभा झाली. मांगाकिरी दोन-ब या जमिनीच्या गटाचे मालक आहेत दोनशे चौदा. त्यातले निम्मे कुठे आहेत देव जाणे, काही वेलिंग्टनला, काही खाणीत, काही मेलेत आणि त्यांची नावं अजून तुमच्या यादीत मतं बाळगून बसलीयेत. खोऱ्यात राहणारे आम्ही तेवीस. जमीन कसतो आम्ही, कुंपणं आम्ही घालतो, रताळी आमची, नदी शेताचा काठ खाते तेव्हा दगड आम्ही टाकतो. ब्रेथवेटला ती सपाटी हवीय, त्याच्या मेंढ्यांना नदीपर्यंत उतरायला वाट हवीय — चांगला माणूस आहे, माझं त्याच्याशी भांडण नाही, परातेनेच्या दफनाला आला होता, टोपी काढून उभा होता उन्हात. पण जमीन हवी असणं आणि ती मिळणं यांच्यामध्ये तुमची कचेरी बसलीय ना, आमच्या वतीने! आमच्या वतीने नोटीस काढते, आमच्या वतीने शहरात हॉल घेते, आणि कोरम किती? तीन. दोनशे चौदांमध्ये तीन माणसं जमली की झाली सभा. आमच्याकडे तीन माणसांत डुक्करही पुरतं भाजून होत नाही, खड्डा खणायलाच चार लागतात.

म्हणून आम्ही ठरवलं, तेवीस जणांनी मुखत्यारपत्रं लिहून द्यायची आणि एकाने जायचं. सगळ्यांना जाणं परवडत नाही, दूध काढायचं असतं, म्हातारी माणसं आहेत. कोणाला पाठवायचं यावर काही चर्चाच झाली नाही. रिपेका जाईल. रिपेकाला वाचता येतं, रिपेका घाबरत नाही, रिपेकाने त्या वेळी रस्त्याच्या साहेबाला नदीत उभं करून दाखवलं होतं पूल कुठे हवा ते. तेवीस कागद मी मेणकापडात गुंडाळले आणि कोटाच्या आत शिवून टाकले. सरळ शिवूनच टाकले, पडायला नकोत म्हणून.

आणि पाऊस आला. रुइहाच्या ट्रकमधून आम्ही निघालो साडेनऊला — रुइहा शेजारीण माझी, पन्नाशीची आहे, लाकडाचा ट्रक स्वतः चालवते, पुरुषालाही जमणार नाही असा. काच पुसायचा वायपर बंद पडलेला, मी खिडकीतून हात बाहेर काढून फडक्याने काच पुसत होते. अरुंद वळणावर पोचलो आणि रुइहाने एकदम ब्रेक दाबला. मी म्हटलं, काय झालं? ती म्हणाली, 'ते झाड चाललंय.' आणि खरंच, समोर उतारावर एक झाड उभंच्या उभं चालत खाली येत होतं, रांगेत उभ्या असलेल्या माणसाने पुढे सरकावं तसं, आणि त्याच्यामागून सगळा डोंगर. आवाज नंतर आला. आधी झाड, मग माती, मग आवाज. आमच्यात आणि दरडीत एक ट्रक मावेल एवढंच अंतर. रुइहा म्हणाली, 'चल, वरून चालत जाऊ,' आणि उतरलीसुद्धा, मांडीपर्यंत चिखलात गेली, मी तिला पट्ट्याला धरून ओढलं, तिचा एक बूट अजून तिथेच आहे, ठराव करून तोही ब्रेथवेटला विकून टाका. मी दुसऱ्या बाजूने चढायला बघितलं, साठीच्या घरात आलेली बाई मी, हातापायांवर चढले, आणि वरून आणखी माती सुटली. तेव्हा रुइहा ओरडली, 'रिपेका, तू मेलीस तर ते कागदही मरतील!' तेव्हा उतरले. कागद होते म्हणून उतरले, नाहीतर उतरले नसते. म्हणून सांगते, तुझा साहेब म्हणतो 'खोऱ्यातील मालकांनी स्वेच्छेने अनुपस्थित राहणे पसंत केले' — स्वेच्छेने! बस गेल्यावर तासाभरात डोंगर पडलाय आणि तो म्हणतो —

काय?

लिहून घेतलंस वाटतं. पेन्सिल इतका वेळ झोपली होती, आत्ता बरी जागी झाली.

हो. बस गेली. गेली नाही असं मी कधी म्हटलं? हरकतीच्या अर्जात बसचा शब्द नाही, वाचून बघ. पावणेनऊची बस वेळेवर आली, वेळेवर गेली, दरड पडायच्या आत वळण पार करून साडेदहाला शहरात पोचली. लिही. नीट लिही, पावणेनऊ. लपवायचं असतं तर जीभ आवरली असती. — नाही, आवरायलाच हवी होती खरं तर, पण आता सुटली ना तोंडातून, मग पुरतंच ऐक. मी थांब्यावर होते. स्वच्छ कोट घालून, टोपी घालून, तेवीस कागद छातीशी. बस थांबली. ड्रायव्हरने दार उघडलं. आणि मी हात हलवला त्याला — जा म्हणून.

का, म्हणून विचारतोयस? डोळ्यांनी विचारतोयस. मग ऐक.

नऊला पंधरा मिनिटं होती. भांडं नऊला वाचायचं असतं. पावणेनऊला नाही, सव्वानऊला नाही, नऊला. सत्तावीस वर्षांत या वहीत एक रकाना रिकामा नाही, उलटून बघ, मुलीच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा लग्नाचे कपडे घालून परातेने कुरणातल्या भांड्याकडे गेला होता. तो आजारी पडला तेव्हा मी वाचायला लागले. छाती भरली होती त्याची, शेवटचे दोन महिने अंथरुणावर, आणि रोज नऊ वाजून पाच मिनिटांनी विचारायचा, 'किती?' छप्पन्नचा तो दुष्काळी उन्हाळा, भांड्यात धूळ आणि मेलेली माशी. 'किती?' — 'काही नाही.' — 'किती?' — 'काही नाही.' शेवटच्या सकाळी त्याने विचारलं तेव्हा मी म्हटलं, 'अर्धा इंच.' म्हटलं आणि त्याचा चेहरा असा — जाऊ दे. अर्ध्या इंचात गवत हिरवं होतं, तेवढं त्याला पुरलं. दुपारी गेला. आणि संध्याकाळी घर माणसांनी भरलेलं असताना मी ही वही काढली आणि त्या दिवसापुढे शून्य लिहिलं. छप्पन्नचं पान आहे, बघायचं तर बघ. नवऱ्याशी खोटं बोलले, वहीशी बोलले नाही.

म्हणून त्या दिवशी बस सोडली. मनात म्हटलं, नऊला भांडं वाचते, साडेनऊला रुइहाचा ट्रक आहे, सभा साडेअकराला, अकराला पोचतो. हिशोब चुकीचा नव्हता. पण खरं सांगू? पूर्वेचं आभाळ मी बघितलं होतं. पाटीसारखं काळं, खाली उतरलेलं. मला ढग कळतो, लेका, मला नाही कळला तर कोणाला कळणार! मला माहीत होतं हा जोराचा येणार. मला वाटलं, तास दोन तास आहेत अजून. आणि दुसरं असं वाटलं — हेही लिही — की असा पाऊस पाच-सहा वर्षांत एकदा येतो, आणि त्याच्या आदल्या सकाळचा आकडा चुकवायचा? परातेने काय म्हणेल? मेलेल्या माणसाला काय वाटेल म्हणून मी जिवंत तेवीस जणांचे कागद घेऊन कुरणात गेले. नळीत किती होतं माहितीय? चार थेंब. पाव इंचाचाही पाव नाही. त्याच्यासाठी.

हे खोऱ्यात कोणाला माहीत नाही. रुइहाला वाटतं माझी बस चुकली. 'वय झालं तुझं, घड्याळ बदल,' म्हणते. मी ऐकून घेते.

आणि तिकडे सभा झाली. पेनीने सांगितलं मला — पेनी परातेनेचा धाकटा भाऊ, शहरात कत्तलखान्यात कामाला आहे, बिचारा सुट्टी काढून सभेला गेला होता. रस्ता उघडल्यावर पहिल्या बसने आला, इथेच बसला, तू बसलायस तिथे, आणि टोपी हातात फिरवत राहिला. तिघंच होती म्हणाला. तो, एक म्हातारा जो झोपला होता, आणि एक बाई जिने मांगाकिरी जन्मात पाहिलेलं नाही. साहेबाने विचारलं, आणखी कोणी? पेनी म्हणाला, थांबा, खोऱ्यातली येतील, वहिनी येणार आहे. दहा मिनिटं थांबले. हॉलच्या खिडक्यांतून ऊन येत होतं म्हणाला, सगळ्यांना उकडत होतं. साडेअकरा वाजून गेले, दुसरी बस नाही, रिपेका नाही. आणि पेनीला वाटलं — हे ऐक — पेनीला वाटलं, वहिनी येत नाही म्हणजे खोऱ्याने विकायचं ठरवलं असेल. रिपेकाला यायचं असतं तर रिपेका आली असती, डोंगर खाली आला असता तरी. असं म्हणाला तो. माझ्या लौकिकानेच मला खाल्लं बघ. त्याने हात वर केला. माझ्या दिरानेच हात वर केला, विकायच्या बाजूने, माझ्यावरच्या भरवशाने!

जाताना त्याला रताळी बांधून दिली.

आता तुझ्या पिशवीत आणखी एक कागद आहे. आल्यापासून तू त्याच्यावर हात ठेवून बसलायस. काढ बाहेर. — हं. असं आहे होय. हरकत मागे घेतली तर कचेरी 'सहानुभूतीपूर्वक विचार करून' दफनभूमीचं कुंपण वाढवून देईल. किती वाढवून? अर्धा एकर. तुमच्या नकाशात ती पाव एकर आहे, चौकोनी, पट्टीने आखलेली. जुन्या कबरी त्या चौकोनाबाहेर आहेत, हे तुम्हाला आत्ता सुचलं? अठरा सालच्या साथीत या खोऱ्यात एका महिन्यात एकतीस माणसं गेली. मी तेरा वर्षांची होते. खणायला माणसं नव्हती, तेव्हा कोण चौकोन बघतो! जिथे माती मऊ तिथे. माझी आई तुमच्या चौकोनाच्या बाहेर आहे, पंचवीस पावलं. विक्रीच्या नकाशात ती ब्रेथवेटकडे जाते. आणि आता तुम्ही माझी आई मला परत देताय, जमिनीच्या बदल्यात. ठेव तो कागद पिशवीत. फाडत नाही, तू सरकारी माणूस, फाडला तर तुलाच उत्तर द्यावं लागेल. पण ठेव आत, चहाजवळ नको.

बरं, आता एक मी विचारते. मघाशी तू वही उघडलीस तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते. बारा मार्चच्या ओळीवर तू आलास, बरोबर. पण आकड्याकडे नाही बघितलंस. सव्वाआठ इंच! कोणीही माणूस तिथे थबकेल, शिटी वाजवेल. तू सरळ उजवीकडे गेलास, शेऱ्याच्या रकान्यात. काय लिहिलंय तिथे? वाच. मोठ्याने वाच. — नाही वाचत? मी वाचते, अक्षर माझंच आहे. 'दरड. रस्ता बंद. दुकानातून कचेरीला फोन, पावणेअकरा.' दुकानातल्या तारा दुपारी बारापर्यंत शाबूत होत्या. चिखलाने माखलेली मी दुकानात गेले, फोन लावून घेतला, आणि म्हटलं, मी मांगाकिरीहून रिपेका बोलतेय, डोंगर कोसळलाय, तेवीस मुखत्यारपत्रं माझ्याजवळ आहेत, सभा पुढे ढकला. पलीकडे एक तरुण माणूस होता. तो म्हणाला, 'अहो पण इथे तर लख्ख ऊन आहे, मावशी.' मी म्हटलं, तुझं ऊन तुझ्याजवळ ठेव, साहेबाला निरोप दे. तो म्हणाला, 'देतो.'

पेनी म्हणतो, साहेबाने हॉलमध्ये कारकुनाला विचारलं होतं, खोऱ्यातून काही निरोप? आणि कारकुनाने मान हलवली. नाही म्हणून.

शहराच्या कचेरीत 'मावशी' म्हणणारे किती कारकून आहेत रे? उत्तरेचा हेल असलेले?

बस, बस, उठू नकोस. मला तू फाटकाशी हाक मारलीस तेव्हाच कळलं होतं. मी तुला चहा दिला तो ओळखूनच दिला. साहेबाने पाठवलंय की तू आपणहून आलास, हे मला ठाऊक नाही आणि मी विचारतही नाही. वही कचेरीत गेली असती तर ते पान परत आलं असतं की नाही, तेही विचारत नाही. का नाही दिलास निरोप? साहेब रागावेल म्हणून? सभा आधी दोनदा पुढे ढकलली होती, फाईल जुनी झाली होती, म्हणून? की तुला खरंच वाटलं, ही बाई थापा मारतेय, इथे तर ऊन आहे? — असेल. तसंही असेल. खिडकीबाहेर ऊन दिसत असताना दुसऱ्याच्या पावसावर विश्वास ठेवणं सोपं नसतं, ते मला कळतं. पण तू आमच्यातला, बाबा, या मातीतल्या मूळ लोकांतला. तुझ्या आजोळच्या जमिनीचीही कुठेतरी अशी फाईल असेल, तिच्यावरही कोणीतरी मान हलवत असेल.

डोळे पुस. तो टॉवेल आहे. आणि माझ्यासमोर रडून काही उपयोग नाही, मी न्यायाधीश नाही.

मंगळवारी सुनावणी. मी सोमवारच्याच बसने येते, पेनीकडे उतरते, या वेळी नऊचं भांडं रुइहा वाचेल आणि मग ट्रकने निघेल, तिला वाचायला शिकवलंय, तिने आधी नळी फोडली पण आता जमतंय. तेवीस जण येतायत, दूध काढायला ब्रेथवेटने स्वतःचा माणूस देतो म्हटलंय, सांगितलं ना चांगला आहे तो. वही मी माझ्या हाताने न्यायाधीशासमोर ठेवीन आणि सव्वाआठ इंच वाचून दाखवीन. आणि मग तेवीस जणांच्या तोंडासमोर सांगीन की बस आली होती, दार उघडलं होतं, आणि मीच हात हलवून ती घालवली. तुझ्या साहेबाने ते उकरून काढायची वाट बघणार नाही. त्याला वाटत असेल, त्याने माझी हरकत पडेल. पडू दे! पडली तर वरच्या कोर्टात जाईन, तिथून पडली तर आणखी वर. ब्रेथवेट कुंपणाचे खांब घेऊन आला तर त्याला पहिला खांब माझ्या आईच्या छातीवर ठोकावा लागेल, आणि तो टोपी काढणारा माणूस आहे, ठोकणार नाही. मी चुकले ते मी सांगेन, पण मी चुकले म्हणून जमीन गेली असं मी कोणाला म्हणू देणार नाही. मी बस चुकवली. दोनशे चौदांचं तीन कोणी केलं? फोन घेऊन कोण गप्प बसलं? प्रत्येकाने आपापलं उचलावं. मी माझं उचललंय.

तू काय करशील ते मला आत्ता सांगू नकोस. इथे सांगितलेलं कामाचं नाही, इथे फक्त मी आहे आणि मांजर आहे. तिथे पुढच्या बाकावर मी बसेन, तुला दिसेन.

चल, ऊठ आता. पेन्सिल राहिली तुझी. लिहिलेलं सगळं ने, बसचं ने, पावणेनऊ ने, एक अक्षर खोडू नकोस. — नाही, थांब. तिथेच थांब. आपल्या लोकांच्या रीतीने नाकाला नाक लावून निरोप घ्यायला पुढे येऊ नकोस. ते आज नाही. मंगळवारी, कोर्टाच्या पायरीवर, तुझं बोलणं झाल्यानंतर — तेव्हा बघू. जा.